ब्रेसेस लावल्यात? मग या चुका टाळा

ब्रेसेस बसवल्या की पहिले काही दिवस सगळं लक्ष दुखण्याकडेच असतं, चावता येत नाही, गाल आतून सोलतोय, नुसती जीभ फिरवली तरी कुठेतरी टोचतं. पण हे दुखणं आपलं आपण जातं. ट्रीटमेंटची खरी वाट लावतात त्या गोष्टी अजिबात दुखत नाहीत, आणि दुखत नाहीत म्हणून महिना महिना कोणी त्यांच्याकडे बघतही नाही.

तरी आधी दुखण्याचंच उरकून टाकू. तार टाईट केल्यावर काही तासांनी ठणका सुरू होतो, एक-दोन दिवस जोरात असतो आणि साधारण आठवड्याभरात उतरतो. दात किंचित हलल्यासारखे वाटतात आणि त्याने लोक जाम घाबरतात, पण ते होणारच, कारण दात ज्या बाजूला ढकलला जातो तिथलं हाड शरीर हळूहळू विरघळवतं आणि मागे जी जागा सुटते तिथे नवीन हाड भरत येतं, थोडी ढिलाई आल्याशिवाय दात सरकणार कसा? इथे होणारी चूक म्हणजे दिवसच्या दिवस पेनकिलर खात राहणं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं दाबतात आणि दात सरकायला तीच लागतात, म्हणून बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे ब्रेसेस लावणारे डॉक्टर, पॅरासिटामॉल घ्यायला सांगतात. एखाद-दुसरी आयब्युप्रोफेन चुकून घेतली तर आभाळ कोसळत नाही, पण सवय नको.

टोचू नये म्हणून ब्रेसेसवर लावायचं मेण, म्हणजे वॅक्स, टिकतच नाही, ही तर सगळ्यांचीच तक्रार. वॅक्समध्ये खोट नसते, ओल्या ब्रॅकेटवर (दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) लावलं की ते निघणारच. आधी तो ब्रॅकेट टिश्यूने किंवा कापसाने नीट कोरडा करा, मटाराएवढं वॅक्स बोटांत मऊ होईपर्यंत वळा, ब्रॅकेटवर दाबा आणि कडा दातावर पसरवा. जेवताना आणि ब्रश करताना काढायचं, नंतर नवीन लावायचं. थोडं पोटात गेलं तरी काही होत नाही. मागची तार गालाला टोचत असेल तर पेन्सिलच्या स्वच्छ रबरी टोकाने ती हलकेच आत दाबून बघा, नाही जमलं तर वॅक्स लावून क्लिनिकला फोन. स्वतः पक्कड घेऊन बसू नका, कापलेला तुकडा घशात गेला तर भलतंच होऊन बसेल.

ब्रश केला, पण नक्की कुठे?

आता न दुखणाऱ्या गोष्टींकडे. सगळ्यात वाईट म्हणजे पांढरे डाग. ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामध्ये दाताची एक बारीक पट्टी उरते, घाण नेमकी तिथे साठते, तिच्यातल्या जंतूंचं ॲसिड इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातली, खनिजं ओढून घेतं आणि तिथे खडूसारखा पांढरा डाग पडतो. यासाठी वर्ष लागत नाही, साफसफाई वाईट असेल तर महिन्याभरातही सुरुवात होते. ब्रेसेस काढल्यावर दात सरळ आणि प्रत्येक दातावर पांढरी चौकट, असं झालं तर एवढा खटाटोप केला कशाला! आणि हे डाग पूर्ण जातील याची खात्री कोणी देत नाही.

चूक अशी होते की ब्रश ब्रॅकेटच्या वरून सरळ फिरवला जातो. दोन वेळा फिरवायचा, एकदा हिरडीच्या बाजूने 45 अंशात तिरका धरून आणि एकदा खालच्या बाजूने, म्हणजे ब्रॅकेटच्या दोन्ही कडा साफ होतात. मग तारेच्या खालून छोटा इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश, घालायचा, त्याला पर्याय नाही. वॉटर फ्लॉसर (पाण्याच्या धारेने दात साफ करणारं यंत्र) असेल तर उत्तम, अडकलेले कण निघतात, पण चिकटलेला थर काढायला ब्रशच घासावा लागतो. टूथपेस्ट फ्लोराईडवाली, 1350 ते 1500 पीपीएम, पाकिटावर लिहिलेलं असतं. आणि ब्रश झाल्यावर फक्त थुंका, खळखळून चुळा भरून ते फ्लोराईड धुवून टाकू नका.

हिरडीतून रक्त आलं की माणूस घाबरून तिथे ब्रश करणंच सोडतो. बरोब्बर उलटं करायचं असतं. रक्त येतं कारण तिथे घाण आहे, मऊ ब्रशने रोज नीट साफ केलं तर काही दिवसांत कमी होतं. सोडून दिलं तर हिरडी सुजून ब्रॅकेटवर चढते आणि मग साफ करायला जागाच उरत नाही. नीट साफ करूनही रक्त थांबत नसेल तर दाखवून घ्या.

व्हाइटनिंग पेस्टच्या नादी आत्ता लागू नका, ब्रॅकेटखालचा भाग तसाच राहतो आणि नंतर दोन रंग दिसतात.

रबर: घातले, काढले, विसरले

ट्रीटमेंट का लांबली असं विचारलं तर अर्ध्या वेळा उत्तर रबरांमध्येच सापडेल असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्या-खालच्या दातांना अडकवायचे ते बारीक रबर डॉक्टरांनी दिवसभर घालायला सांगितले असतील तर दिवसभर म्हणजे दिवसभर, जेवताना आणि ब्रश करताना काय ते काढायचे. रात्री घालून दिवसा काढले की रात्री जे सरकलं ते दिवसा परत यायला लागतं आणि दात नुसते मागे-पुढे होत राहतात, वर दुखणं रोज नव्याने. तोंडात रबराची ताकद लवकर कमी होते म्हणून सांगितल्याप्रमाणे बदलायचे, तुटेपर्यंत वापरायचे नाहीत. आणि काल राहिले म्हणून आज डबल लावणं हा तर शुद्ध वेडेपणा, जास्त जोराने दात लवकर सरकत नाही, उलट मुळांना त्रास होऊ शकतो. फक्त एका बाजूचा रबर विसरत राहिलात तर वरच्या-खालच्या दातांची मधली रेषसुद्धा सरकेल.

यातलीच एक गोष्ट फार गंभीर आहे. दातांमधली फट बुजवायला घरच्या घरी दोन दातांभोवती रबर गुंडाळण्याचे व्हिडिओ फिरत असतात. ते कधीही, कधीही करू नका. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे रबर घसरत हिरडीच्या आत शिरतो, दिसेनासा होतो आणि आतून हाड खात जातो. यात चांगले धडधाकट दात गेलेले आहेत.

ब्रॅकेट सुटला, पण दुखत नाही

मग लोक काय करतात, पुढची अपॉइंटमेंट येईपर्यंत गप्प बसतात. सुटलेला ब्रॅकेट तारेवर मण्यासारखा फिरत राहतो, त्या दाताला जोरच मिळत नाही, बाकीचे पुढे जातात आणि हा मागे राहतो, कधी कधी आधीचं झालेलं कामही परत करावं लागतं. त्याच दिवशी फोन करा, लगेच यायचं की थांबायचं ते त्यांना ठरवू द्या. ओढून काढू नका, घरातला गोंद तर मुळीच नको. पूर्ण निघाला तर डबीत घालून सोबत न्या. चुकून गिळला गेला तर बहुतेक वेळा पोटातून निघून जातो, पण खोकला थांबत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

सुटतो कशाने? बर्फ चावणं, कडक सुकामेवा, चिकट टॉफी, अख्खं सफरचंद पुढच्या दातांनी तोडणं. सफरचंद बंद करायची गरज नाही, फोडी करा. पेनाचं टोपण आणि नखं चावणारेही यात येतात, ते मात्र मान्य करत नाहीत. मैदानी खेळ खेळत असाल तर ब्रेसेसवर बसणारा माउथगार्ड विचारून घ्या.

काढल्यावरची चूक

ब्रेसेस निघाल्या की सुटलो असं वाटतं आणि रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवायला नंतर घालायचा साचा, कपाटात जातो. नवीन जागेवर आलेल्या दाताभोवतीचं हाड आणि तंतू पक्के व्हायला वेळ लागतो, पहिल्या काही महिन्यांत दात पटकन मागे फिरतात, आणि नंतरही थोडे सरकत राहतात म्हणून रात्रीचा रिटेनर अनेकांना वर्षानुवर्षं घालावा लागतो. तो गरम पाण्याने धुवू नका, वाकडा होतो. जेवताना टिश्यूत गुंडाळून ठेवू नका, उष्ट्याबरोबर कचऱ्यात जातो, त्याची डबी जवळ ठेवा. चार-आठ दिवस घातला नाही आणि आता थोडा घट्ट वाटतोय तर लगेच परत सुरू करा, पण बसतच नसेल तर जोर लावून कोंबू नका, डॉक्टरांना दाखवा, नवीन बनवावा लागेल.