गाजलेल्या गुन्ह्यांच्या जागी चालत फिरताय? या चुका टाळा

शिकागोत नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवर २१२२ क्रमांक शोधत आलेली माणसं एका हिरवळीच्या तुकड्यासमोर थांबतात आणि पुन्हा पुन्हा मोबाईलमधला नकाशा बघतात. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी इथल्या गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. ते गॅरेज १९६७ मध्ये पाडलं. भिंतीच्या विटा विकल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा आता लास वेगासच्या एका संग्रहालयात आहेत. जागा एका गावात, भिंत दुसऱ्या गावात. मग टूर संपल्यावर कुरकुर ऐकू येते, "तिथे बघायला काहीच नव्हतं!"

खरं आहे, नव्हतंच. अशा टूरमधली पहिली आणि सगळ्यात महागाची चूक हीच, की आपण काहीतरी बघायला जातो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ साली पाच बायकांचे खून झाले. ते 'जॅक द रिपर'चे म्हणून ओळखले जातात आणि जगभरातल्या अशा टूरांमध्ये सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते. आज तिथे काय उरलंय? मेरी जेन केली मारली गेली ती मिलर्स कोर्टमधली खोली पाडून टाकली, ती ज्या डॉर्सेट स्ट्रीटला लागून होती तो रस्ताही नाहीसा झाला. ॲनी चॅपमन जिथे सापडली ते हॅनबरी स्ट्रीटवरचं २९ नंबरचं घर आणि त्यामागचं परसू दारूभट्टीच्या विस्तारात गेलं. चौथा खून झाला त्या माइटर स्क्वेअरचं नाव तेवढं जुनं आहे, भोवतीच्या इमारती नव्या.

त्यात नावंही बदललेली. पहिला मृतदेह सापडला तो रस्ता बक्स रो म्हणून शोधाल तर सापडणार नाही, कारण तो आता डरवर्ड स्ट्रीट आहे. बर्नर स्ट्रीटचा हेन्रिक्स स्ट्रीट झाला. निघण्यापूर्वी जुनं नाव आणि आजचं नाव एका कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच संपतो. अमेरिकेतल्या सेलमला जाणाऱ्यांची फसगत तर याहून मोठी. १६९२ मध्ये चेटकिणीचे आरोप जिथून सुरू झाले ते सेलम व्हिलेज, म्हणजे आजचं डॅनव्हर्स. ते शेजारचं वेगळंच गाव आहे. फाशी जिथे दिली ती प्रॉक्टर्स लेज ही जागा मात्र सेलममध्ये आहे आणि तीही २०१६ साली नक्की झाली. त्याआधी कित्येक वर्षं लोक टेकडीच्या भलत्याच टोकावर उभे राहून हळहळत होते.

मग चालायचं कशासाठी? इमारती पाडता येतात, अंतरं पाडता येत नाहीत. कुठून कुठे जायला किती वेळ लागतो हे कोणत्याही पुस्तकापेक्षा पायांना चांगलं कळतं. म्हणून गाईडच्या गोष्टीइतकंच लक्ष घड्याळाकडे द्या. जमलेली गर्दी नेमकी हेच करत नाही.

३० सप्टेंबर १८८८ ची रात्र घ्या. एकच्या सुमारास बर्नर स्ट्रीटवरच्या एका आवारात घोडागाडी शिरताना तट्टू बिचकलं आणि गाडीवानाला एलिझाबेथ स्ट्राइडचा मृतदेह सापडला. साधारण त्याच वेळी बिशप्सगेटच्या पोलीस चौकीतून कॅथरिन एडोजला सोडलं जात होतं. दारू चढली म्हणून तिला संध्याकाळी आत टाकलं होतं, आता उतरली म्हणून बाहेर. दीड वाजता गस्तीचा शिपाई माइटर स्क्वेअरमधून गेला तेव्हा तिथे काही नव्हतं. पाव तासात, म्हणजे पावणेदोनला तोच शिपाई परत आला आणि कोपऱ्यात एडोज मेलेली होती. दीड ते पावणेदोन! त्या चौकात उभं राहून पंधरा मिनिटं नुसती मोजून बघा. किती थोडी असतात ते जाणवतं.

पुढचा टप्पा तर चालल्याशिवाय कळतच नाही. एडोजच्या ॲप्रनचा कापलेला, रक्ताने माखलेला तुकडा गूल्स्टन स्ट्रीटवरच्या एका दारात दोन पंचावन्नला सापडला. ज्या शिपायाला तो सापडला त्याने शपथेवर सांगितलं, की दोन वीसला मी इथूनच गेलो तेव्हा तो नव्हता. माइटर स्क्वेअर ते गूल्स्टन स्ट्रीट हे अंतर चालायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मग तासभर तो माणूस होता कुठे? की शिपायाचीच नजर चुकली? हा प्रश्न त्या दोन जागांमध्ये पायी चालणाऱ्यालाच पडतो. फोटो काढत मागे राहिलेल्याला नाही.

याच रस्त्यात आणखी एक न दिसणारी गोष्ट ओलांडली जाते, ती म्हणजे पोलिसांची हद्द. माइटर स्क्वेअर सिटी पोलिसांचा (लंडनच्या मधल्या छोट्या 'सिटी' भागाचं वेगळं पोलीस दल), गूल्स्टन स्ट्रीट मेट्रोपॉलिटन पोलिसांचा. त्या दारापाशी भिंतीवर खडूने लिहिलेला मजकूर होता. सिटीवाल्यांना त्याचा फोटो हवा होता, पण मेट्रोपॉलिटनचे प्रमुख सर चार्ल्स वॉरन यांनी ज्यूंविरुद्ध दंगल पेटेल या भीतीने उजाडण्याआधीच तो पुसायला लावला. तुमचा गाईड ही हद्द दाखवत नसेल तर विचारा. चांगला गाईड या प्रश्नाने खूश होतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे गाईडचा शेवट खरा मानणं. गोष्टीला शेवट लागतो, म्हणून तो देतो, त्यात त्याचा फार दोष नाही. पण "खुनी कोण ते मी शेवटी सांगणार आहे" असं सुरुवातीलाच ऐकू आलं तर कान टवकारा. व्हाइटचॅपलचा खुनी आजतागायत सिद्ध झालेला नाही. १८९४ मध्ये मॅक्नॉटन या वरिष्ठ अधिकाऱ्याने तीन संशयितांची नावं टिपून ठेवली, त्यांतला ऑस्ट्रॉग खुनांच्या काळात फ्रान्सच्या तुरुंगात होता असं पुढे उघड झालं. 'जॅक द रिपर' हे नावसुद्धा एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्रातून आलं आणि ते पत्र कुणा पत्रकारानेच लिहिलं असावं असं पोलिसांतल्याच काहींचं मत होतं. एडोजची म्हणून दाखवल्या जाणाऱ्या शालीवरच्या डीएनएने प्रकरण सुटलं, हे २०१४ पासून अधूनमधून ऐकू येतं. ती शाल त्या रात्रीची आहे हेच पक्कं नाही, आणि तिच्यावर तपासलेला मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे फक्त आईकडून येणारा डीएनए एखाद्याला यादीतून वगळू शकतो, एकट्या माणसाकडे बोट दाखवू शकत नाही.

इतर शहरांतही अशी ठरलेली वाक्यं असतात. एडिंबरात बर्क आणि हेअर यांना कबरी उकरणारे म्हणतात. त्यांनी कबरी उकरल्या नाहीत. सोळा माणसं मारून त्यांची प्रेतं शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टर नॉक्सला विकली. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला, बर्क २८ जानेवारी १८२९ ला फासावर गेला आणि त्याचा सांगाडा आजही तिथल्या विद्यापीठाच्या शरीररचना संग्रहालयात आहे. सेलममध्ये कुणालाही जाळलं नाही. एकोणीस जणांना फाशी दिली आणि जाइल्स कोरीला दगडांखाली चिरडून मारलं. सारायेव्होत १९१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारणारा प्रिन्सिप सँडविच खायला थांबला होता, ही गोष्ट कितीही गोड वाटली तरी बनावट आहे. बदललेला मार्ग युवराजाच्या चालकाला सांगितला नव्हता, म्हणून गाडी चुकीच्या वळणावर गेली आणि नेमकी त्याच्यापुढे थांबली. खरी हकीकत बनावटीपेक्षा जास्त चक्रावणारी आहे, तरी लोकांना सँडविच का लागतं कोण जाणे. आणि अमेरिकेतल्या फॉल रिव्हरमध्ये वडील आणि सावत्र आईच्या खुनाचा आरोप असलेल्या लिझी बोर्डनला सरळ खुनी म्हणून मोकळं होणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की १८९३ मध्ये ती ज्यूरीपुढे निर्दोष सुटली होती.

यावर उपाय वाद घालण्याचा नाही. पंचवीस माणसांसमोर गाईडला खोटं पाडलंत तर पुढचा दीड तास सगळ्यांचाच जातो. "हे चौकशीतल्या साक्षीत आहे का वर्तमानपत्रात आलं होतं?" एवढंच साधेपणाने विचारा. उत्तरावरून माणूस किती पाण्यात आहे ते कळतं. निघण्याआधी त्या प्रकरणाच्या तारखा आणि मेलेल्यांची नावं वाचून गेलात तर गोष्टीतली भर तुमची तुम्हालाच ओळखू येईल. धुकं आणि उंच टोपी ही अशीच भर. त्या खुनांच्या रात्री दाट धुक्याच्या नव्हत्या.

मेलेल्यांची नावं म्हटलं, कारण बहुतेकांना घरी परतल्यावर खुन्याचं टोपणनाव आठवतं, त्या पाच जणींपैकी एकीचंही नाही. त्यांतल्या चौघी चाळिशी ओलांडलेल्या होत्या. पाचही जणींना सरसकट वेश्या म्हणण्याला आता संशोधकांचा आक्षेप आहे. गाईड जखमांचं वर्णन रंगवत बसला आणि त्या बाईचं वय, घर, मुलं यांपैकी काहीच बोलला नाही, तर टूर निवडण्यात चूक झाली असं समजा. आधीच्या लोकांचे अभिप्राय वाचताना हे शोधा. 'थरारक' हा शब्द किती वेळा आलाय ते मोजू नका.

डॅलसला एल्म स्ट्रीटवर केनेडींना गोळी लागली त्या ठिकाणी रस्त्यावर पांढरी फुली असते. ती अधिकृत नाही. २०१३ मध्ये पुसली गेली होती, पुन्हा उमटली. सिग्नल लाल झाला की लोक फोटोसाठी त्या फुलीवर धावतात, आणि तो चालू रस्ता आहे. फुटपाथवरून तोच कोन दिसतो.

बारीकसारीक अडचणींचं थोडक्यात. आवाज ऐकू येत नसेल तर पुढे घुसू नका, गाईडच्या खांद्याच्या रेषेत, बाजूला उभे राहा. तो गर्दीकडे तोंड करून बोलतो, पण चालताना बोललेलं फक्त शेजारच्यालाच मिळतं. एकाच कोपऱ्यावर तीन गट जमले तर "आपण पुढची जागा आधी घेऊया का?" असं सुचवायला हरकत नाही. रात्रीची टूर वातावरणासाठी चांगली, रस्ते समजण्यासाठी दिवसाचीच. लहान मुलांना न्यायचं असेल तर किमान वय आधी विचारून घ्या. गट चुकला तर शोधत फिरू नका, पुढच्या थांब्याचं नाव माहीत असलं की झालं, म्हणून ते आधीच विचारून ठेवायचं.

व्हाइटचॅपलच्या बऱ्याच टूर डरवर्ड स्ट्रीट आणि हेन्रिक्स स्ट्रीट गाळतात, कारण दोन्ही बाजूला पडतात. ही तक्रार गाईडकडे करण्यात अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याने जा. डरवर्ड स्ट्रीट व्हाइटचॅपल स्टेशनच्या अगदी मागे आहे. मेरी ॲन निकोल्स ३१ ऑगस्टच्या पहाटे जिथे सापडली त्याच्या लगत तेव्हा एक शाळा होती. तिची इमारत अजून उभी आहे, एवढं एकच तिथे ओळखीचं. आता त्यात लोक राहतात, तेव्हा खिडक्यांवर कॅमेरा रोखू नका.