धंदा सुरू करण्याआधी: पैसे नेमके कुठे सुटतात?

धंदा कोणताही असो, आधी कागदावर तीन आकडे मांडा. एका नगामागे, ताटामागे किंवा तासामागे किती सुटतात. गिऱ्हाईक आलं नाही तरी महिन्याला किती द्यावेच लागतात. आणि विकल्यावर पैसे हातात यायला किती दिवस लागतात. तिसरा आकडा बहुतेक जण मांडतच नाहीत, आणि चांगले चालणारे धंदे तिथेच अडकतात.

दुकानदारीत ८० रुपयांना घेतलेली वस्तू १०० ला विकली, तर नफा खरेदीवर २५ टक्के, पण विक्रीवर २० टक्केच. सूट विक्रीच्या किमतीवर द्यायची असते, म्हणून हिशेबही विक्रीवर धरा. १० टक्के सूट दिली की निम्मा नफा गेला, भाडं आणि पगार अजून द्यायचेच आहेत. किराण्यात टक्का कमी, पण माल भराभर फिरतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांत टक्का मोठा, मात्र लग्नसराई हुकली की भांडवल कपाटात पडून राहतं. सहा महिने न हललेला माल खरेदीच्या भावात काढा आणि त्या पैशात चालणारा माल भरा.

सदाशिव पेठेतल्या मेसला महिन्याचे पैसे आगाऊ मिळतात, ही तिची मोठी ताकद. घोळ होतो खाड्यांत. सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडे धरायचे नाहीत आणि आदल्या दिवशी कळवायचं, हे पहिल्याच दिवशी लिहून लावा. दिवाळीत आणि मे महिन्यात मुलं गावी जातात. म्हणून भाडं-पगार बारा महिन्यांचे आणि उत्पन्न दहाच महिन्यांचं धरा.

मार्केट यार्डातला आडत्या माल स्वतः विकत घेत नाही, विक्रीवर आडत, म्हणजे दलाली घेतो. भाव पडल्याचा फटका थेट त्याला नाही, पण शेतकऱ्याला पट्टी (विक्रीचा हिशेब आणि पैसे) लगेच द्यायची आणि खरेदीदाराकडून वसुली नंतर, म्हणून खेळतं भांडवल भरपूर लागतं.

सर्वांत जास्त चुकतं ते भोसरी-चाकणच्या जॉब वर्कमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम मजुरीवर करून देण्यात. समजा सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) महिन्याचा हप्ता ६०,०००, दोन ऑपरेटर ५०,०००, गाळाभाडं २०,०००, वीज २०,००० आणि टूल-कूलंट १०,०००. एकूण १,६०,०००. दोन पाळ्या, २६ दिवस म्हणजे ४१६ तास, तासाला ३८५ रुपये. यावर दर सांगितला तर तोटा ठरलेला. मशीनचं सेटिंग, वीज जाणं, रिजेक्शन (नापास झालेले नग), काम नसणं धरून पदरात पडले २६० तास, तर खर्चच तासाला ६१५ येतो. नफा त्याच्या वर. महिनाभर मशीनशेजारी वही ठेवा आणि खरे तास लिहा.

वसुलीसाठी सूक्ष्म व लघु उत्पादकाने आणि सेवा देणाऱ्याने उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) पहिल्या बिलाआधीच करावी. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या एमएसएमई कायद्याप्रमाणे (२००६) लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. उद्यम क्रमांक बिलावर छापा आणि माल पोचल्याची सही-शिक्क्याची चलन प्रत जपून ठेवा; दिवस मोजताना तीच लागते.