हॉट वॉलेटच्या दारात थांबायचं: क्रिप्टो ट्रेसिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

हॅश, ब्लॉक, प्रायव्हेट की हे शब्द तुम्हाला नवे नाहीत असं धरतो. ऑनलाइन गुंतवणुकीच्या फसवणुकीत पैसा बऱ्याचदा ट्रॉन या ब्लॉकचेनवरच्या यूएसडीटीत (टेदर कंपनीचं, डॉलरशी किंमत बांधलेलं नाणं) फिरतो, म्हणून उदाहरण त्याचंच.

फिर्यादीच्या स्क्रीनशॉटवरून ॲड्रेस टाइप करत बसू नका. ६४ अक्षरी ट्रान्झॅक्शन हॅश मजकूर म्हणून मागा आणि ट्रॉनस्कॅनवर (ट्रॉनचे व्यवहार दाखवणारी वेबसाइट, म्हणजे एक्सप्लोरर) स्वतः उघडा. ट्रॉनचा ॲड्रेस ३४ अक्षरांचा असतो; सगळी अक्षरं जुळवा. सुरुवातीची आणि शेवटची चार बघून पुढे जाणाऱ्यांना फसवायला तसेच दिसणारे ॲड्रेस बनवून शून्य रकमेचे व्यवहार इतिहासात पेरलेले असतात. वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे की भारतीय तेही बघा, नाहीतर साडेपाच तासांच्या फरकाने बँक स्टेटमेंटशी तारीखच जुळत नाही.

आता खरा खड्डा. क्रिप्टो खरेदी-विक्रीचं एक्स्चेंज प्रत्येक ग्राहकाला वेगळा डिपॉझिट ॲड्रेस देतं. तिथे आलेली रक्कम थोड्या वेळाने एक्स्चेंजच्या हॉट वॉलेटमध्ये, म्हणजे रोजच्या देवघेवीच्या सामाईक वॉलेटमध्ये, ओढली जाते आणि हजारो ग्राहकांच्या पैशांत मिसळते. तिथून पुढे निघणाऱ्या यूएसडीटीचा तुमच्या फिर्यादीशी काडीचा संबंध उरत नाही. पण एक्सप्लोरर थांबा म्हणत नाही, पुढचे बाण दाखवतच राहतो. नवा माणूस ते धरून आणखी पाच टप्पे जातो, भलत्याच कुणाचा ॲड्रेस अहवालात संशयित म्हणून लिहितो आणि त्या बिचाऱ्याचं खातं गोठतं.

ओळखायचं कसं? डिपॉझिट ॲड्रेसमधून पैसा जवळपास नेहमी एकाच ठिकाणी जातो, तोही सगळी शिल्लक उपसून. बरेचदा ओढण्याआधी फीपुरते टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं नाणं) बाहेरून येतात. ते कोण पाठवतं ते बघा, तोच ॲड्रेस शेकडो डिपॉझिट ॲड्रेसना फी पुरवताना दिसेल. हॉट वॉलेटवर मात्र दिवसरात्र वर्दळ. नोटिशीत डिपॉझिट ॲड्रेस आणि त्यात रक्कम आली तो हॅश लिहा. ओढल्याचा हॅश दिलात तर ‘हे आमचंच वॉलेट’ एवढंच उत्तर येईल. एक्सप्लोररवरचा टॅग (ॲड्रेसला चिकटवलेलं नाव) हा अंदाज असतो, खात्री एक्स्चेंजकडूनच. आणि केवायसीत सापडलेला माणूस भाड्याने खातं देणारा किंवा पी२पी (थेट माणसाकडून माणसाला) विक्रेताही असू शकतो.

एवढं वाचून घाबरू नका. एक्स्चेंज सापडणं म्हणजे वाट संपणं नव्हे, नाव मिळण्याची तीच जागा. मार्च २०२३ पासून भारतात सेवा देणारी एक्स्चेंजेस मनी लाँडरिंग कायद्याखाली येतात, म्हणजे केवायसी ठेवावंच लागतं. नोटीस तपास अधिकारी बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ९४ खाली काढतात. रक्कम अजून खासगी वॉलेटमध्ये पडून असेल तर आकृती नंतर काढा, आधी टेदरकडे गोठवण्याची विनंती जाऊ द्या. यूएसडीटीत ती सोय आहे, बिटकॉइनमध्ये नाही.

बिटकॉइनचं थोडक्यात: एका व्यवहारातले सगळे इनपुट (पैसे जिथून आले ते ॲड्रेस) एकाच मालकाचे, हा ठोकताळा बहुधा चालतो. पण सारख्या रकमेचे बरेच आउटपुट दिसले की कॉइनजॉइन (अनेकांचे पैसे एकत्र मिसळणारा व्यवहार) समजा आणि तो ठोकताळा सोडा.

महागड्या टूलचे रंगीत आलेख आणि दोन दिवसांची सर्टिफिकेटं यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. गुरू करायचाच तर कोर्टात उलटतपासणी झेललेला करा. पुण्यातल्या बिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केल्याचा आरोपही त्यांच्यावर होता. म्हणून प्रत्येक चित्राखाली पूर्ण हॅश, यूटीसी वेळ आणि पान कधी उघडलं ते लिहा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र तेव्हाच तयार करा, आरोपपत्राच्या आदल्या रात्री नको.

सरावाला बिटफिनेक्स एक्स्चेंजचं प्रकरण घ्या: २०१६ मध्ये १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला, त्यातले ९४ हजारांहून अधिक २०२२ मध्ये जप्त. अमेरिकी तपास यंत्रणेचं कोर्टातलं निवेदन मोफत मिळतं. ट्रेसिंग एक्स्चेंजच्या खात्यांपर्यंत पोहोचलं, पण चाव्या (प्रायव्हेट की) मिळाल्या त्या क्लाउडवरच्या एका फाइलमध्ये. एक्सप्लोरर शेजारी उघडून ते वाचा.