जेल अपील हाती घेताना

माझ्याकडे पहिलं जेल अपील, म्हणजे कैद्याने शिक्षेविरुद्ध तुरुंगातूनच पाठवलेलं अपील, आलं तेव्हा वकिलीची सनद मिळून तीन वर्षं झाली होती. फाइलमध्ये सगळ्यात वर तुरुंगातून आलेला अर्ज. खाली शाईचा पसरलेला अंगठा आणि वर दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात, ‘वकील लावायची ऐपत नाही.’ मी ते अपील फी न घेता चालवायला घेतलं.

अशी केस म्हणजे आपण केलेला उपकार नाही. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगितलं, की कैद्याला निकालाची प्रत मोफत मिळाली पाहिजे आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अटही नाही.

उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस. जेल अपिलं पुष्कळदा उशिरा येतात. विलंबमाफीचा अर्ज करताना, निकालाची प्रत कैद्याच्या हातात कधी पडली ती तारीख तुरुंगाकडून लेखी मागवा.

आता महत्त्वाचं. निकाल आधी वाचू नका. मी वाचला, आणि मग सगळा पुरावा न्यायाधीशांच्याच नजरेने वाचत गेले. दुसऱ्यांदा पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांचा बांधलेला संच, उघडलं ते साक्षींपासून. तपास अधिकारी म्हणत होते चाकू जागेवरच सील केला. मराठी पंचनाम्यात मात्र तो कागदात गुंडाळून घेतल्याचं होतं, सीलचं नावच नव्हतं. युक्तिवादाचा पहिला मुद्दा तिथे मिळाला. म्हणून पंचनामा मूळ मराठीतलाच वाचा, भाषांतरावर विसंबू नका. आधी साक्षी, मग पंचनामे, मग आरोपीचा जबाब आणि शेवटी निकाल, हा क्रम मी अजून सोडलेला नाही.

आणि अशिलाला भेटा. व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर) काम भागतं, पण पहिली मुलाखत तुरुंगात जाऊनच घ्या. जाळीपलीकडून त्याने मला पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, माझी केस चालू हाय का संपली?” अपील दाखल होऊन दीड वर्ष झालं होतं. त्याला कुणी काही कळवलंच नव्हतं. सुटशील का, हे मी सांगू शकत नव्हते आणि तसं स्पष्ट म्हटलंही. पण अपील कुठवर आलंय हे सांगणं तर माझ्या हातात होतं.

तेव्हापासून प्रत्येक तारखेनंतर मी तुरुंगाच्या पत्त्यावर मराठीत पत्र टाकते: आज काय झालं, पुढची तारीख कोणती. नुसती तारीख पडली असेल, तरीही.