दोघांनी एकत्र जेवायचं तर वाफेवरचं पापलेट

घरी दोघांसाठी खास जेवणाचा बेत केला की एक अडचण हमखास यायची: एक जण पानावर, दुसरा तव्यापाशी. पोळी गरम हवी, मासा कुरकुरीत हवा, मग गप्पा मारायच्या कधी? शेवटी मी तळण आणि पोळ्या दोन्ही काढून टाकल्या.

बायकोला पापलेट अतिशय आवडतं, म्हणून तेच वाफेवर करतो. ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण आणि जिरं यांची चटणी दुपारीच वाटून ठेवतो. पाणी जेमतेम घालायचं, नाहीतर चटणी वाफेत वाहून जाते. केळीचं पान आचेवर धरून शेकलं की मऊ पडतं आणि घडी घालताना फाटत नाही. माशाला चिरा पाडून मीठ-हळद लावायची, चटणीत ऐन वेळी लिंबू पिळायचं, ती पोटातही भरायची आणि पुडी दोऱ्याने बांधायची. मध्यम पापलेटाला इडलीपात्रात 15 मिनिटं पुरतात. तेवढ्यात आंबेमोहोराचा भातही होतो आणि मला कपडे बदलायला वेळ मिळतो!

सोलकढी आधीच करून फ्रीजमध्ये ठेवावी. गरम मात्र करू नये, आमसुलाच्या आंबटपणाने नारळाचं दूध फुटतं. गोडाला श्रीखंड, तेही विकतचं.

मासे न खाणाऱ्यांनी हीच चटणी पनीरला लावून पुडी बांधावी. दहा मिनिटांत होतं.