दोन पट्टे, एक माणूस: दोन कुत्री एकत्र फिरवताना या चुका टाळा

गेल्याच्या मागच्या पावसाळ्यात माझी उजवी करंगळी तीन आठवडे पट्टीत होती. ऑफिसात मी ‘दारात सापडली’ असं सांगितलं, कारण खरं सांगायची लाज वाटत होती. भीमा हा आमचा ३२ किलोचा लॅब्रेडॉर. चिंगी ही सोसायटीच्या गेटवरून थेट घरात आलेली १८ किलोची गावठी. दोघांचे पट्टे एकाच हाताला गुंडाळून मी वाकून शी उचलत होते आणि उभ्या रिक्षेखालून मांजर निघालं. पन्नास किलो एकदम एका दिशेला गेले, त्यांच्यामागे मी, हातातल्या पिशवीसकट.

तेव्हापासून कुणी दुसरं कुत्रं आणलं की आधी माझ्याकडे चौकशीला येतं. लोकांच्या तक्रारी बहुतेक सारख्याच असतात आणि त्यातल्या निम्म्या चुका मी स्वतः करून बसले आहे.

पहिल्याच दिवसापासून दोघांना एकत्र काढणं

नाहीतरी एकाला न्यायचंच आहे, मग दोघांना नेऊ, अर्धा तास वाचेल, असा घरातल्यांचा हिशोब असतो. हा वाचवलेला अर्धा तास पुढे सहा महिने व्याजासकट फेडावा लागतो. एकाने ओढलं की दुसऱ्याला वाटतं पुढे काहीतरी भारी आहे, म्हणून तोही ओढतो. ते बघून पहिल्याला आणखी जोर चढतो. पिल्लू तर मोठ्याचं बघूनच शिकतं, आणि मोठ्याच्या चार सवयींतली ओढण्याची सवय आधी उचलतं.

म्हणून आधी दोघांना वेगवेगळं फिरवा. पट्टा ताणला की आपण थांबायचं, सैल पडला की चालायचं, एवढंच. कंटाळवाणं आहे, पहिल्या आठवड्यात गेटपर्यंत जायला पाव तास लागतो. एकट्या कुत्र्याचा पट्टा नुसत्या दोन बोटांत धरून कोपऱ्यापर्यंत जाता आलं की ते तयार झालं समजा. तोवर दोघांना एकत्र न्यायचा विषयच काढू नका. त्यानंतर दोन माणसं, दोन कुत्री, मध्ये दोन-तीन मीटर अंतर, आणि दोघं एकाच दिशेने. अंतर हळूहळू कमी करा. दोन्ही पट्टे एका माणसाकडे येतात ते सगळ्यात शेवटी, तेही आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटांसाठी.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. रस्त्यावरची निम्मी ओढाओढ घराच्या दारातच सुरू झालेली असते. खुंटीवरचा पट्टा वाजला की दोघं उड्या मारतात, दार उघडताच बाण सुटल्यासारखे लिफ्टकडे धावतात, आणि आपण घाईत असल्यामुळे ते चालवून घेतो. आता मी दोघं बसल्याशिवाय पट्टा लावत नाही आणि धावले तर परत आत घेते. पहिल्या दिवशी सात वेळा आत-बाहेर केलं. समोरच्या काकू जाळीच्या दारातून शांतपणे बघत होत्या. लिफ्टचं दार उघडताना दोघं माझ्या मागे असतात, कारण बाहेर कोण उभं आहे ते आधी मला दिसलं पाहिजे.

एका पट्ट्याला दोन फाटे

दुकानदार हा फाटे असलेला पट्टा हौसेने गळ्यात मारतात. एकाच वजनाची, एकाच चालीची, एकमेकांना सरावलेली दोन कुत्री असतील तर तो ठीक आहे. पण एक दांडगं आणि एक लहान असेल तर दांडगं वळलं की लहानाला हिसका बसतो, गळपट्ट्याला लावलेला असेल तर थेट मानेला. शिवाय अंगावर कुणी आलं तर दोघांपैकी एकालाही बाजूला होता येत नाही. आमचा तो पट्टा दोनदा वापरून माळ्यावर गेला.

डबीतून सुटणारा, बटण दाबलं की थांबणारा लांब पट्टा दोन कुत्र्यांसाठी नकोच. बारीक दोरी पायाला किंवा बोटाला घासली की कापते, आणि त्या दोन दोऱ्या एकमेकींत अडकल्या तर सोडवायला तिसरा माणूस लागतो. साधे, चार ते सहा फुटांचे, दोन वेगळ्या रंगांचे पट्टे घ्या. रंग वेगळे असले की गडबडीत कुणाचा कोणता ते बघावं लागत नाही.

गळपट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जेमतेम जावीत. गावठी कुत्र्यांचं डोकं अरुंद असतं, ती मागे सरकून गळपट्ट्यातून अलगद डोकं काढून घेतात. नदीकाठी ढोल पथकाचा सराव चालू होता, तेव्हा पहिल्या ताशालाच चिंगी अशी निसटली. नशीब, ती धावत घरीच गेली. आता तिला छातीचा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही असतात आणि पट्ट्याची दोन टोकं दोन्हींना लावलेली असतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तर मी दोघांना एकत्र काढतच नाही.

हाताला वेढे देणं आणि शी उचलणं

पट्टा मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नका. वेढा आवळला की हात सोडवता येत नाही आणि हाड मोडतं. पट्ट्याचा फासा अंगठ्यात अडकवायचा, उरलेला पट्टा तळहातावरून आडवा घ्यायचा आणि मूठ मिटायची. पकड घट्ट राहते, आणि वेळ आलीच तर मूठ उघडून सोडताही येतं. कमरेच्या पट्ट्याला दोन्ही कुत्री बांधून हात मोकळे ठेवणारेही दिसतात. दोन पॉमेरेनियन असतील तर खुशाल बांधा, पण भीमासारखी दोन असतील तर तोंडावर आपटाल.

शी उचलताना जास्त ताकदीच्या कुत्र्याचा पट्टा पायाखाली घ्या, ते उभं राहू शकेल पण झेप घेऊ शकणार नाही एवढाच सैल सोडून. दुसऱ्याचा पट्टा हातात ठेवा. आणि वाकण्याआधी एकदा आजूबाजूला बघा, विशेषतः उभ्या गाड्यांखाली.

गल्लीतली टोळी

आमच्या रस्त्यावर चार टोळ्या आहेत. गेटवरची, इस्त्रीवाल्याची, भाजीच्या हातगाडीखालची आणि शाळेच्या भिंतीची. प्रत्येकीची हद्द ठरलेली आहे आणि ती ओलांडली की भुंकणं बहुतेक वेळा आपोआप विरतं. एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

टोळी दिसली की आपला हात नकळत पट्टे आखडून घेतो, आणि चूक तिथेच होते. ताणलेल्या पट्ट्याने आपल्या कुत्र्याची मान वर होते, छाती पुढे येते, आणि समोरच्यांना तो लढायचा पवित्रा वाटतो. काहीतरी बिनसलंय हे आपल्या दोघांनाही पट्ट्यातूनच कळतं. कुत्री दोन असली की आणखी एक धोका असतो. समोरच्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून राग शेजारच्यावर निघतो. चिंगीने भीमाचा कान असाच फाडला होता, तीन टाके पडले. ही दोघं घरी एकाच गादीवर झोपतात. मी तिला खूप रागावले आणि ते अगदी फुकट गेलं, कारण तिच्या लेखी तो भीमा नव्हताच, तोंडासमोर जे आलं ते होतं.

टोळी लांब असतानाच वळा. वळण्यासाठी दोघांना एक शब्द शिकवून ठेवा. आम्ही ‘चल मागे’ म्हणतो आणि वळताक्षणी दोघांच्या तोंडात खाऊ जातो. हा शब्द रिकाम्या रस्त्यावर पन्नास वेळा घोटून घेतलेला असेल तरच ऐन वेळी कामाला येतो. वळायला जागा नसेल तर दोघांना भिंतीच्या बाजूला घ्या, आपण मध्ये राहा आणि न थांबता चालत राहा. पळू नका, डोळ्यांत डोळे घालू नका, काठी आपटू नका. कुणी फारच अंगावर आलं तर मी बटणाची छत्री उघडते. ती बाराही महिने पिशवीत असते. मात्र आधी घरात आठवडाभर उघडझाक करून आपल्या दोघांना तिची सवय करा, नाहीतर समोरच्यांआधी तीच पळतील.

भांडण जुंपलंच तर तोंडाजवळ हात घालू नका आणि दात रुतलेले असताना पट्टे ओढू नका, जखम फाटते. पाण्याची बाटली तोंडावर रिकामी करा, मध्ये छत्री किंवा पिशवी घाला, आणि सुटल्याबरोबर एकाला रेलिंगला बांधून दुसऱ्याला लांब न्या. माणसाला दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. हळद-मिरची काही लावायचं नाही. कुत्र्याला लागला असेल तर त्याच्या लसी वेळेवर झालेल्या असल्या तरी व्हेटला दाखवा.

आपलंच कुत्रं निसटून कुणाला चावलं तर मात्र ते आपल्यावर येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फिरवायला माणूस ठेवला असेल तर तो एका वेळी किती कुत्री घेतो ते एकदा गुपचूप बघून या. एका हातात चार आणि दुसऱ्या हातात फोन, असं दृश्य आमच्याकडे रोज सकाळी दिसतं.

पट्ट्यांची वेणी

दोघांची जागा ठरवून टाका. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर मी उजव्या कडेने चालते, म्हणजे जवळून जाणारी गाडी समोरून येताना दिसते. कुत्री माझ्या उजवीकडे, चिंगी भिंतीलगत, भीमा माझ्याजवळ. खांब आला की दोघं एकाच बाजूने जातात. तरीही वेणी पडलीच तर जागच्या जागी उभ्या राहा आणि पट्टे सैल सोडा. ओढलं की गाठ बसते. आणि भर रस्त्यात हूक काढून सोडवायला जाऊ नका, आम्ही एकदा तेही केलं आहे.

एकाची चाल, दुसऱ्याची फरफट

भीमा आता अकरा वर्षांचा आहे, मागचे पाय धरतात. काही महिने मी दोघांना तसंच नेत राहिले. चिंगी अडखळत चालायची, भीमा धापा टाकायचा, दोघांचंही फिरणं होत नव्हतं. आता चिंगी आधी जाते, तिची भरभर पाऊण तासाची फेरी. मग भीमा, इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत. तिथे तो बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याचा वास घेतो आणि वीस मिनिटांनी उठतो. मागे राहिलेली चिंगी दाराला नखं मारून रडायची. ओल्या पंचात मूठभर कोरडं खाणं गुंडाळून ते तिच्यासमोर टाकून जाते. पंचा उलगडून सगळे दाणे शोधेपर्यंत आम्ही परत आलेले असतो.