अमेरिकेत कार्डाची छापील पावती कशी तपासावी

अमेरिकेत कार्डाने पैसे दिल्यावर हातात येणारी पावती खिशात टाकण्यापूर्वी नीट वाचावी. २००३ साली संमत झालेल्या ‘फेअर अँड अ‍ॅक्युरेट क्रेडिट ट्रान्झॅक्शन्स’ कायद्यानुसार, यंत्राने छापून ग्राहकाला दिलेल्या पावतीवर कार्ड क्रमांकाचे फार तर शेवटचे पाच अंक असू शकतात आणि कार्डाची मुदत संपण्याची तारीख मुळीच छापता येत नाही. हाताने लिहिलेल्या पावतीला हा नियम लागू नाही.

जादा अंक किंवा तारीख दिसल्यास रागाने पावती फाडू नये, कारण तोच आपला पुरावा असतो. थर्मल कागदावरची अक्षरे लवकर पुसट होत असल्याने त्याच दिवशी छायाचित्र काढून मूळ पावती जपून ठेवावी. त्यानंतर दुकानदाराला लेखी कळवावे आणि फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेकडे तक्रार नोंदवावी. दुकानदाराने जाणूनबुजून नियम मोडल्याचे सिद्ध झाल्यास प्रत्येक ग्राहकाला १०० ते १,००० डॉलर भरपाईची तरतूद आहे. मात्र २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या ‘स्पोकिओ’ निकालानंतर अनेक संघीय न्यायालये प्रत्यक्ष हानी दाखवण्याची अपेक्षा करतात, आणि मला ही ग्राहकांवर अन्यायकारक अट वाटते, म्हणून वकिलाचा सल्ला आधीच घ्यावा. उल्लंघन लक्षात आल्यापासून दोन वर्षांत, पण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो.

ओळखचोरीची शंका असल्यास इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जफेडीचा इतिहास नोंदवणाऱ्या तिन्ही संस्थांकडे आपली पतनोंद गोठवावी, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याला नवे कर्ज काढणे अवघड होते. २०१८ पासून ही सोय विनामूल्य आहे.